कोर्टाची नक्कल : आपला कागद आपल्या कपाटात हवा

आपल्या व्यापारी बांधवांना हिशेब ठेवायला कोणी शिकवावे लागत नाही. ग्रे कापडाचे किती तागे गेले, कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती उधारी थकली, दलालाची दलाली किती, हे सारे खातेवहीत चोख असते. पण त्याच पेढीवर बसून "तुमच्या त्या दाव्याचे पुढे काय झाले?" असे विचारले, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते. "कागद वकीलसाहेबांकडे आहेत." दाव्याचा नंबर ठाऊक नसतो, निकालाची तारीख ठाऊक नसते, निकाल लागला असेल तर त्याची सही-शिक्क्याची नक्कल घरात नसते. लाखो रुपयांच्या वसुलीचा कागद दुसऱ्याच्या कपाटात, आणि आपण निश्चिंत!

हा निष्काळजीपणा महाग पडतो. म्हणून जिल्हा आणि तालुका पातळीवरील कोर्टातले कागद कसे शोधावेत आणि त्यांच्या नकला कशा मिळवाव्यात, हे आम्ही येथे साध्या भाषेत मांडत आहोत. वकिलाची गरज यामुळे संपत नाही. पण आपला कागद आपण स्वतः मागू शकतो, एवढे तरी प्रत्येक व्यापाऱ्याला आणि कारागिराला माहीत असावे.

हा मेहेरबानीचा नव्हे, हक्काचा कागद

कोर्टाच्या कारकुनासमोर उभे राहिले की आपला माणूस उगाच दबतो. त्याला वाटते, आपण काही मेहेरबानी मागतो आहोत. तसे नाही. न्यायालयाच्या कामकाजाचे अभिलेख हे कायद्याने सार्वजनिक दस्तऐवज मानले आहेत. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच आहे. असा दस्तऐवज पाहण्याचा ज्याला हक्क आहे, त्याने फी भरून मागणी केली की प्रमाणित नक्कल द्यावी लागते. त्या नकलेखाली ती खरी नक्कल असल्याचा दाखला, तारीख, अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, सही आणि शिक्का असतो. अशी नक्कल मूळ कागदाच्या पुराव्यादाखल चालते. दिवाणी प्रक्रिया संहितेतही पक्षकाराने अर्ज करून खर्च दिला की निकालपत्राची आणि हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल त्याला द्यावी, असा स्पष्ट नियम आहे.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली प्रत, वकिलाने 'खरी प्रत' म्हणून सही केलेली प्रत, नोटरीचा शिक्का मारलेली प्रत, संगणकावरून छापून घेतलेला निकाल, या चारही गोष्टी माहितीसाठी ठीक आहेत. परंतु अपील, वसुलीची दरखास्त, सिटी सर्व्हेतील नोंद अशा कामांना कोर्टाच्या नक्कल विभागाने दिलेली प्रमाणित नक्कलच हाती असावी.

आणि घाबरण्याचे कारण तरी काय? अर्ज, नक्कल, दावा, फिर्याद, वकालतनामा, हुकूम, जप्ती, दरखास्त, मुद्देमाल... मराठी कोर्टातले हे निम्मे शब्द उर्दू शाळेत शिकलेल्या आपल्या माणसाच्या घरातलेच आहेत.

आधी नंबर, मग नक्कल

कोर्टात माणसाला नावाने कोणी ओळखत नाही, प्रकरणाला नंबराने ओळखतात. नंबर म्हणजे तीन गोष्टी : प्रकरणाचा प्रकार, क्रमांक आणि साल. साधा दिवाणी दावा, विशेष दिवाणी दावा, दिवाणी अपील, वसुलीची दरखास्त, चेक न वटल्याची फौजदारी तक्रार, या प्रत्येकाचे रजिस्टर वेगळे. एकाच कोर्टात एकाच सालात ४५ नंबरचा दावाही असतो आणि ४५ नंबरची दरखास्तही. म्हणून नुसते "पंचेचाळीस नंबर" सांगून भागत नाही.

आता प्रत्येक प्रकरणाला एक कायम ओळख-क्रमांक मिळतो. त्याला सीएनआर नंबर म्हणतात. तो सोळा अक्षरी-आकडी असतो आणि महाराष्ट्रातील प्रकरणांचा 'एम-एच' या अक्षरांनी सुरू होतो. हा एकच नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला तरी अर्धे काम झाले. ई-कोर्ट्सचे राष्ट्रीय संकेतस्थळ २०१३ साली सुरू झाले, त्याचे मोबाइलवरील ॲपही आहे. सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख, कोणते कोर्ट, आजवर काय झाले, आणि चढवले असतील तर हुकूम व निकाल पाहायला मिळतात. त्याला पैसे पडत नाहीत.

नंबर नसेल तर राज्य, जिल्हा आणि कोर्टाची इमारत निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येते. येथे जिल्हा बरोबर निवडावा. भिवंडीचे प्रकरण ठाणे जिल्ह्यात, मालेगावचे नाशिक जिल्ह्यात, इचलकरंजीचे कोल्हापूर जिल्ह्यात शोधावे लागते. साल आणि 'चालू' की 'निकाली' हेही विचारतात. दोन्ही पाहावे.

नावांचा घोळ

आपल्या लोकांची खरी अडचण पुढेच आहे. नाव एक, स्पेलिंग दहा. मोहम्मद हे नाव कोणी पूर्ण लिहितो, कोणी 'एम-ओ-एच-डी', कोणी नुसते 'एम-डी'. शेख हे आडनाव एका कागदावर 'एस-एच-ए' ने सुरू होते, दुसऱ्यावर 'एस-एच-ई' ने. शिवाय कोठे आडनाव आधी, कोठे शेवटी. एका ठिकाणी अन्सारी तर दुसऱ्या कागदावर मोमीन. दावा दाखल करणाऱ्याने बिलावर जे नाव वाचले तेच लिहिलेले असते, आपल्या आधार कार्डावरचे नव्हे. एकदा पूर्ण नाव टाकले, "काही सापडले नाही" असे आले, आणि माणूस निर्धास्त झाला, असे होऊ नये.

यावर आमची सूचना अशी. पूर्ण नाव टाकण्याऐवजी नावातील तीन-चार अक्षरेच टाकावीत, म्हणजे जाळे मोठे पडते. मग दुसऱ्या स्पेलिंगने पाहावे. त्यानंतर वडिलांच्या नावाने, आडनावाने आणि पेढीच्या नावाने पाहावे. पेढीचे नाव 'मेसर्स' लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे शोधावे. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराच्या नावाने. वेळ लागतो, पण वर्षातून एकदा एवढे करणे व्यापाऱ्याच्या हिताचे आहे. ज्या परगावांत आपला माल उधारीवर जातो किंवा जेथून सूत येते, त्या जिल्ह्यांतही शोध घ्यावा. कारण दावा आपल्याच गावात दाखल होईल असे नाही.

एवढी यातायात कशासाठी? समन्स जुन्या पत्त्यावर गेले, गाळा बदललेला होता, कोर्टाने समन्स दारावर चिकटवायला किंवा वर्तमानपत्रात छापायला सांगितले, आपल्याला कळलेच नाही, आणि दाव्याचा निकाल एकतर्फी लागला, असे घडू शकते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी अर्जाची मुदत अवघी ३० दिवस आहे. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनामा कळल्याच्या तारखेपासून. बेलिफ जप्तीला दाराशी आला तेव्हा कळण्यापेक्षा आधी कळलेले केव्हाही चांगले. कळले की त्याच दिवशी नकलेचा अर्ज करावा आणि वकिलाला गाठावे.

अर्ज कसा करावा

नकलेचा अर्ज ज्या कोर्टात प्रकरण चालले तेथील नक्कल विभागात करावा. अर्जात प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, साल, दोन्ही पक्षांची नावे, कोणत्या न्यायाधीशांसमोर चालले, प्रकरण चालू आहे की निकाली आणि निकालाची तारीख लिहावी. मग नेमके कोणते कागद हवे ते एकेक करून लिहावे. "सर्व कागद" असे मोघम लिहू नये. निकालपत्र, हुकूमनामा, दाव्याची अर्जी, कैफियत, निशाणी अमुकची साक्ष, निशाणी तमुकचे बिल, असे स्पष्ट लिहावे. कोर्टात हजर झालेल्या प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक पडतो. तो लिहिला की कारकुनालाही शोधायला सोपे जाते. अर्जावर कोर्ट फीचे तिकीट लावावे, नकलेचा खर्च भरावा आणि पावती जपून ठेवावी. पावतीवाचून पैसे देऊ नयेत. अर्जाचा क्रमांक आपल्या वहीत टिपून घ्यावा.

ज्यांना संगणक जमत नाही, त्यांच्यासाठी कोर्टांच्या आवारात ई-सेवा केंद्रे उघडलेली आहेत. प्रकरणाची स्थिती सांगणे, पुढची तारीख सांगणे, नकलेचा ऑनलाइन अर्ज भरायला मदत करणे ही त्यांची कामे आहेत. शिकलेल्या मुलाला सोबत न्यायला हरकत नाही, पण अर्जावर काय लिहिले आहे ते वाचून घेतल्याखेरीज सही करू नये. १९९८ साली मराठी ही राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा ठरविण्यात आली. तेव्हा अर्ज मराठीत करण्यास संकोच नको.

नकलेवरच्या तीन तारखा

नक्कल हाती पडली की तिच्यावरील शिक्का पाहावा. त्यात तीन तारखा महत्त्वाच्या : अर्ज केव्हा केला, नक्कल तयार केव्हा झाली, आणि दिली केव्हा. या तारखांवर अपिलाची मुदत ठरते. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायचे तर ३० दिवस, उच्च न्यायालयात करायचे तर ९० दिवस. ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा व्यापारी वाद २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्याखाली चालला असेल तर ६० दिवस. चेकच्या प्रकरणात मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस. आणि आरोपीला कैदेची शिक्षा झाली असेल तर निकालाची नक्कल त्याला ताबडतोब आणि विनामूल्य द्यावी लागते.

नक्कल मिळवण्यात लागलेला वेळ या मुदतीतून वजा होतो. ही मुदतीच्या कायद्यातील, म्हणजे १९६३ च्या कायद्याच्या कलम १२ मधील सवलत आहे. पण तिला एक मेख आहे. हुकूमनामा तयार व्हायला कोर्टाला जो वेळ लागतो, तो आपण अर्ज करण्यापूर्वीचा असेल तर वजा होत नाही. म्हणजे "हुकूमनामा तयार झाला की अर्ज करू" असे म्हणत घरी बसणाऱ्याचे दिवस निघून जातात, आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकणाऱ्याचे वाचतात. तसेच नक्कल तयार झाल्यावर ती घ्यायला आपण उशीर केला तर त्या दिवसांची सवलत मागता येईल, या भरवशावर राहू नये.

जिंकलेला दावा आणि बारा वर्षे

काही बांधवांना वाटते की दावा जिंकला म्हणजे पैसे मिळाले. हुकूमनामा ही फक्त हुंडी आहे, ती वटवावी लागते. त्यासाठी दरखास्त दाखल करावी लागते, आणि तिला मुदत आहे १२ वर्षांची. आमच्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याचे उदाहरण बोलके आहे. परजिल्ह्यातील गिऱ्हाइकाविरुद्ध त्यांच्या बाजूने हुकूमनामा झाला. कागद वकिलांकडे राहिले. पुढे वकील वारले, त्यांचे कार्यालय बंद झाले, काही वर्षांनी व्यापारीही गेले. मुलांना एवढेच ठाऊक की अब्बांनी कोणतासा दावा जिंकला होता. सुदैवाने जुन्या डायरीत दाव्याचा नंबर आणि साल सापडले. तेवढ्यावर रेकॉर्ड रूममधून फाइल निघाली, हुकूमनाम्याची नक्कल मिळाली आणि बारा वर्षे पुरी व्हायला काही महिने उरले असताना दरखास्त दाखल झाली. डायरीत ती एक ओळ नसती, तर मुलांना रजिस्टरे चाळत बसावे लागले असते आणि मुदत गेली असती.

देणेकरी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात असेल, तर निकाल देणारे कोर्ट तो हुकूमनामा वसुलीसाठी तिकडच्या कोर्टाकडे पाठवू शकते. सोबत हुकूमनाम्याची नक्कल आणि किती वसुली बाकी आहे याचा दाखला जातो. लोकअदालतीत तडजोड झाली असेल तर तो निवाडाही हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो. त्याचीही प्रमाणित नक्कल घेऊन ठेवावी.

मूळ कागद परत घ्या

बिले, डिलिव्हरी चलने, गाळ्याचे खरेदीखत असे मूळ कागद आपण पुराव्यासाठी कोर्टात देतो आणि निकालानंतर विसरून जातो. प्रकरण संपले आणि अपिलाची मुदत उलटली, किंवा अपील निकालात निघाले, की ज्याने ते हजर केले त्याला ते अर्ज करून परत मागता येतात. मधेच गरज पडली, तर प्रमाणित नक्कल फाइलमध्ये ठेवून आणि लागेल तेव्हा मूळ कागद हजर करण्याची हमी देऊनही मागता येतात. हे वेळेवर करावे, कारण कोर्टातले सर्व कागद कायम ठेवले जात नाहीत. १९१७ चा अभिलेख नाशाचा कायदा आहे. त्याखालील नियमांप्रमाणे निकाली फाइलींतील कागदांची वर्गवारी होते, काही कायम राहतात आणि काही ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात. तेव्हा "कोर्टात आहे म्हणजे सुरक्षित आहे" हा समज सोडावा.

जुन्या वडिलोपार्जित मिळकतींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील कोर्टांचा कारभार उर्दूत चालत असे. त्या काळच्या मिसली उर्दूत आहेत, आणि बहुधा शिकस्त हस्ताक्षरात. पश्चिम महाराष्ट्रातील जुने कागद मोडीत सापडतात. असा कागद मिळाला तर नक्कल घेऊन जाणकाराकडून भाषांतर करून घ्यावे. आपल्या वस्त्यांतून शिकस्त वाचणारे बुजुर्ग आता थोडेच उरले आहेत. त्यांच्या हयातीत हे काम उरकावे.

गाळा घेण्यापूर्वी

यंत्रमागाचा गाळा किंवा दुकान विकत घेताना आपण दुय्यम निबंधकाकडे 'सर्च' घेतो. चांगले आहे, पण पुरेसे नाही. त्या मिळकतीवर भावाभावांत दावा चालू असेल तर तो त्या सर्चमध्ये दिसेलच असे नाही, आणि दाव्याचा निकाल खरेदीदारालाही बांधू शकतो. म्हणून विकणाऱ्याच्या, त्याच्या वडिलांच्या आणि हिस्सेदारांच्या नावाने त्या जिल्ह्यातील कोर्टात शोध घ्यावा. दावा सापडला तर अर्जीची नक्कल मिळवून त्यातील मिळकतीचे वर्णन व चतुःसीमा आपल्या गाळ्याशी ताडून पाहाव्यात.

आपण त्या प्रकरणात पक्षकार नसलो तर नक्कल आपोआप मिळत नाही. ती कशासाठी हवी ते कारण देऊन अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची परवानगी लागते. कारण खरे आणि स्पष्ट लिहावे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून हे काम होईल असे काहींना वाटते. परंतु कोर्टाच्या नकला त्या-त्या उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितले आहे. तो मार्ग धरून वेळ दवडू नये. कौटुंबिक, मुलांची आणि स्त्रियांवरील अत्याचाराची प्रकरणे परक्यांना खुली नसतात, आणि तसेच असायला हवे.

कारागिरांनी हेही लक्षात ठेवावे

ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, औद्योगिक कामगारांना आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत मदत मिळते. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. या मदतीत वकील तर आहेच, पण कोर्ट फी आणि कागदांच्या प्रमाणित नकला मिळवून देणेही आहे. मागावर काम करणाऱ्या भावाने किंवा घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बहिणीने पैशापायी कागद सोडून देऊ नये.

शेवटी आमची विनंती एवढीच. या आठवड्यात एक जाड फाइल विकत घ्यावी. पहिल्या पानावर आपल्या प्रत्येक प्रकरणाचा प्रकार, नंबर, साल, सीएनआर नंबर, कोर्टाचे नाव आणि पुढची तारीख लिहावी. निकाल लागलेला असेल तर तारीख आणि बारावे वर्ष केव्हा संपते तेही लिहावे. वकीलसाहेबांकडून कागदांची एक प्रत मागून घ्यावी. भला वकील याचे वाईट मानत नाही. जे कागद नाहीत त्यांच्या नकलेचा अर्ज पुढच्या कामाच्या दिवशी टाकावा. आणि ती फाइल कोठे ठेवली आहे, हे घरातल्या मुलाला, मुलीला आणि पत्नीला दाखवून ठेवावे.